शिस्तीच्या वहीतील नोंदी

स्मरणिका म्हटली की तीत काय असावे याचे एक वळण ठरून गेले आहे. आरंभी वंदनीयांची छायाचित्रे, मग मान्यवरांचे शुभसंदेश, देणगीदारांची नामावली, दहावीच्या निकालाचा चढता आलेख आणि अखेरीस जाहिराती. हे सारे प्रस्तुत अंकातही आहे आणि ते असावेच; ज्यांच्या पै-पैशावर हे वसतिगृह उभे राहिले, त्यांची नावे छापण्याचा आनंद आम्हांस आहे. संपादक मंडळाने आम्हां वसतिगृहाचे काम पाहणाऱ्यांकडे लेख मागितला तोही अशाच वळणाचा होता. विषय ‘वसतिगृहातील संस्कार’. त्यासाठी दाखले हवेत म्हणून आम्ही जुन्या शिस्तीच्या वह्या कपाटातून काढल्या, त्यांवरील धूळ झटकली, आणि वाचता वाचता लेखाचा विषय बदलून गेला.

शिस्तीची वही म्हणजे काय, हे आमच्या माजी विद्यार्थ्यांना सांगावयास नको. लांबट, लाल पुठ्ठ्याची, रेक्टरच्या मेजावर दोरीने बांधलेली वही. रात्रपाळीचा शिक्षक तीत दिवसाची नोंद करतो. सन २०२२ च्या पावसाळ्यातील काही नोंदी येथे देतो. नावे अर्थातच देत नाही.

‘रात्री साडेअकरास अंथरुणात नाही. व्हरांड्यात दप्तर पोटाशी धरून बसलेला आढळला. समज दिली.’ ‘आनापानाच्या वेळी डोळे उघडे ठेवते. दुसऱ्यांदा ताकीद.’ ‘परात पडताच मोठ्याने किंचाळला. विचारल्यावर उत्तर देत नाही. उर्मट.’ ‘निबंधाचा कागद कोरा दिला. शून्य गुण.’ ‘सातवीत असून अंथरूण ओले करतो. स्वतः धुण्यास लावले.’ ‘तिसऱ्या तासाला रोज झोपतो.’

अक्षर आमचेच आहे. ‘उर्मट’ हा शब्दही आमचाच.

आज ह्या नोंदी वाचताना त्यांतील जवळपास प्रत्येक ओळ एका आजाराच्या वर्णनाशी जुळते, असे आमच्या ध्यानात येते. त्या आजारास इंग्रजी आद्याक्षरांनी पीटीएसडी म्हणतात. मराठीत ‘आघातोत्तर तणाव विकार’ असा जड शब्द रूढ होत आहे. शब्द नवा असला तरी दुखणे जुने आहे. पहिल्या महायुद्धात तोफांच्या भडिमारातून अंगावर ओरखडाही न उमटता परतलेले सैनिक थरथर कापत, मुके होत, रात्री किंचाळत. त्यास तेव्हा ‘शेल शॉक’ म्हणत आणि पुष्कळदा भेकडपणाही म्हणत. पुढे व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवाने या प्रश्नाकडे पाहणे डॉक्टरांना भाग पडले आणि १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानग्रंथात हा विकार त्याच्या आजच्या नावाने नोंदवला. दापोली हा तर पेन्शनर सैनिकांचा मुलूख. अजूनही लोक ‘कॅम्प दापोली’ म्हणतात ते काही उगीच नाही. पलटणीतून परतलेला एखादा सुभेदार वा हवालदार रात्री ओरडत उठतो, ही गोष्ट आमच्या आजी-पणजींनी पाहिली नसेल असे कसे म्हणावे? त्यांना फक्त तिचे नाव ठाऊक नव्हते.

आमच्या मुलांच्या बाबतीत तोफा नव्हत्या. वारा होता.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ आले. श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने ते किनाऱ्यावर चढले आणि त्याच्या दक्षिणेकडील हातात दापोली आणि मंडणगड हे तालुके सापडले. ताशी शंभराहून अधिक किलोमीटर वेगाचा वारा, असे हवामान खात्याने सांगितले. आम्ही केळशीकरांनी त्याचे मोजमाप वेगळे केले. माणसाच्या दोन पिढ्यांचे वय असलेली नारळाची झाडे काडेपेटीतील काड्यांप्रमाणे मोडली, पोफळीच्या बागांत उभे झाड शोधावे लागले, फणस मुळांसकट उपटले, कौले पाखरांसारखी उडाली आणि पत्रे तर कोणाचे कोणाच्या आगरात गेले हे कळावयास आठवडा लागला. वीज कित्येक गावांत महिना-महिना आली नाही. आणि हे घडले टाळेबंदीच्या ऐन मध्यात. मार्चमध्येच आम्ही मुलांना आपापल्या घरी पाठवले होते. त्यामुळे त्या दुपारी आमची सारी मुले वसतिगृहाच्या स्लॅबखाली नव्हती. ती वाडीवस्तीवर, कुडाच्या आणि मातीच्या भिंतींच्या, पत्र्याच्या छपरांच्या घरांत होती.

एवढी गोष्ट जर आम्ही नीट ध्यानात घेतली असती, तर पुढच्या वह्या निराळ्या लिहिल्या गेल्या असत्या. परंतु शाळा उघडल्या त्या टप्प्याटप्प्याने. नववी ते बारावीचे वर्ग नोव्हेंबर २०२० च्या अखेरीस, पाचवी ते आठवीचे जानेवारी २०२१ च्या अखेरीस, मग पुन्हा बंद. मुले वसतिगृहात पूर्ण संख्येने पावसाळा काढण्यास आली ती जून २०२२ मध्ये. वादळाला दोन वर्षे होऊन गेली होती. छपरे नवी झाली होती. वादळ ही गोष्ट आमच्या लेखी संपली होती. मधल्या काळात आणखीही पुष्कळ घडले होते. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ वादळ किनाऱ्यावरून गेले. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले. त्याच अतिवृष्टीत महाडजवळच्या तळिये गावावर डोंगर आला आणि आमच्याच जिल्ह्यातील खेड तालुक्यात पोसरे येथील बौद्धवाडीवर दरड कोसळून घरे माणसांसकट गाडली गेली. त्याआधी २ जुलै २०१९ च्या रात्री तिवरे धरण फुटून भेंदवाडी वाहून गेली होती. आमच्याकडची काही मुले अशा गावांच्या नात्यागोत्यातील. कोणाचा मामा, कोणाची आत्या. पाऊस सुरू झाला की ती मुले कोणत्या पावसात असतात, हे आम्ही विचारले नाही.

आता लक्षणांविषयी. आम्ही डॉक्टर नाही. निदान करणे हे आमचे काम नव्हे आणि कोणा शिक्षकाने ते करूही नये. पण ओळखणे हे आमचे काम आहे, कारण वसतिगृहातील मुलाची रात्र फक्त आम्ही पाहतो. आई-बापही पाहत नाहीत, डॉक्टर तर नाहीच नाही.

या विकाराच्या मुळाशी एक चमत्कारिक गोष्ट आहे. सामान्य आठवण ही भूतकाळात राहते. आपण तिला बोलावतो, ती येते, जाते. आघाताची आठवण न बोलावता येते, आणि आली की ती ‘झाले होते’ अशी येत नाही, ‘होत आहे’ अशी येते. पत्रा वाजला की त्या मुलाच्या शरीराला ३ जूनची दुपार पुन्हा सुरू झालेली असते. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, पाय पळण्यास तयार होतात. बुद्धीला विचाराल तर ती सांगेल की हा स्वयंपाकघरातील परातीचा आवाज आहे. पण शरीर बुद्धीला विचारण्यासाठी थांबत नाही. आमच्या ‘उर्मट’ विद्यार्थ्याला उत्तर देता येत नव्हते, कारण आपण का किंचाळलो हे त्याचे त्यालाही ठाऊक नव्हते.

लहान मुलांत ही पुनरावृत्ती खेळातून दिसते. पाचवीतील तीन मुले मधल्या सुट्टीत झावळ्यांची खोपटी बांधीत आणि एकजण ‘वारा’ होऊन ती मोडीत असे. रोज तोच खेळ. आम्हांस त्यांचे कौतुक वाटे. ज्या खेळात मुले हसत नाहीत, ज्याचा शेवट कधी बदलत नाही, तो खेळ थांबून पाहण्यासारखा असतो हे आम्ही फार उशिरा शिकलो.

दुसरी गोष्ट टाळण्याची. ज्या ज्या गोष्टीने ती आठवण जागी होईल तिच्या वाटेला मन जात नाही. हे टाळणे बाहेरून आळस, हट्ट वा घुमेपणा दिसते. एक विद्यार्थी पत्र्याच्या शेडमधील कार्यशाळेच्या तासाला नेमके पोट दुखते म्हणून सांगे. पोट खरोखरच दुखत असे, आणि ओव्याने ते राहत नसे. एक मुलगी दिवाळीच्या सुट्टीत घरी जाण्यास तयार होईना. वसतिगृहातील मूल घरी जाण्यास नकार देते, हे ऐकून आम्ही स्वतःवरच खूश झालो होतो. आमच्या संस्थेचा लळा लागला, असे आम्ही त्या वर्षीच्या अहवालातही लिहिले.

आणि तो निबंध. ‘मी पाहिलेले वादळ’. पावसाळा तोंडावर आला की मराठीच्या शिक्षकास हा विषय सुचतोच, त्यात त्यांचा दोष नाही. कोरा कागद देणाऱ्या मुलाला शून्य गुण मिळाले. ज्याने तीन पाने भरून लिहिले, त्याचा निबंध आम्ही परिपाठाला मोठ्याने वाचावयास लावला, आणि वाचता वाचता त्याचा आवाज बंद झाला तेव्हा टाळ्या वाजवून त्याला धीर दिला. आघातातून गेलेल्या माणसाकडून एकदाच, सर्वांसमोर, सारे वदवून घेतले की त्याचे मन मोकळे होते, ही समजूत पुष्कळ सुशिक्षितांत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचना अशा प्रकाराच्या विरुद्ध आहेत. सांगण्याने बरे वाटते हे खरे. पण केव्हा, कोणाला आणि किती सांगावयाचे हे सांगणाऱ्याने ठरवावयाचे असते.

तिसरी गोष्ट सततच्या सावधपणाची. झोप लागत नाही, लागली तर मोडते, आणि म्हणून तिसऱ्या तासाला डोळे मिटतात. पाठीमागून कोणी हात ठेवला तर मूल दचकून उठते. रागाचा पारा चटकन चढतो. व्हरांड्यात दप्तर घेऊन बसणारा तो मुलगा आठवा. त्याच्या दप्तरात आम्ही एकदा तपासणीत पाहिले ते शिधापत्रिकेची झेरॉक्स, एक टॉर्च, बिस्किटांचा पुडा आणि आईचे एक लुगड्याचे फडके. वारा वाढला की तो निघण्याच्या तयारीत बसे. त्याला पळून जावयाचे आहे असे समजून आम्ही फाटकाला कुलूप लावले. कुलूप पाहिल्यावर तो अधिकच कासावीस झाला, हे लिहावयास हवे का?

या तिन्हींखेरीज मनाची एक उदासी असते, तिला नाव देणे कठीण. आपण वाचलो आणि धाकटी बहीण जखमी झाली, म्हणजे काहीतरी आपलेच चुकले, असा अपराधभाव. आवडत्या खेळात मन न लागणे. मोठेपणी काय होणार असे विचारता काहीच न सुचणे. आमच्या संस्थेत बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर प्रत्येक मुलाने आपले ध्येय सांगण्याचा कार्यक्रम होतो. ज्याने ‘माहीत नाही’ असे उत्तर दिले, त्याला आम्ही महत्त्वाकांक्षेवर पंधरा मिनिटे ऐकवले. आणि सर्वांत निसटते ते मूल कोणते, तर गुणी मूल. जे कधी भांडत नाही, कधी मागत नाही, ताट घासून जागेवर ठेवते आणि ज्याचे नाव शिस्तीच्या वहीत एकदाही येत नाही. त्या वर्षी आदर्श विद्यार्थिनीचे पारितोषिक आम्ही ज्या मुलीला दिले, ती आठ महिन्यांत एकदाही मोठ्याने हसलेली कोणी पाहिली नव्हती. हे पारितोषिक दिल्यानंतर तिच्याच मैत्रिणीने आम्हांस सांगितले.

येथे एक सावधगिरी. आजकाल ‘ट्रॉमा’ हा शब्द फार स्वस्त झाला आहे. गणिताचा पेपर अवघड गेला तरी मुले तो वापरतात. प्रत्येक भ्यालेले मूल आजारी नसते. मोठ्या संकटानंतर काही दिवस झोप उडणे, दचकणे, रडणे ही शरीराची स्वाभाविक रीत आहे, आणि बहुसंख्य मुले घरच्यांच्या, शेजाऱ्यांच्या आणि नेहमीच्या दिनक्रमाच्या आधाराने आपोआप सावरतात. लक्षणे महिन्याहून अधिक टिकली आणि त्यांनी अभ्यास, झोप वा मैत्री यांत खोडा घातला, तर मात्र तज्ज्ञाकडे नेले पाहिजे. आणि हेही ध्यानात ठेवले पाहिजे की काहींच्या बाबतीत पूर्ण दुखणे सहा महिन्यांनी वा त्याहूनही उशिरा डोके वर काढते. आमची चूक नेमकी येथे झाली. ‘दोन वर्षांपूर्वीच्या वादळाचे आता काय?’ हा प्रश्न आमच्या बैठकीत विचारला गेला आणि त्यावर कोणी काही बोलले नाही.

दोन वर्षांचे काय घेऊन बसलात! आमच्या केळशीच्या किनाऱ्यावर ती वाळूची टेकडी आहे. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ डॉ. अशोक मराठे यांनी तिचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि एका जुन्या त्सुनामीशी तिचा संबंध जोडला. सर्वच अभ्यासक त्याशी सहमत आहेत असे नाही. पण सहलीला नेले की आम्ही मुलांना ती गोष्ट रंगवून सांगतो, की पाहा, समुद्राचा एक दिवस जमिनीने शतकानुशतके थराथरांत जपून ठेवला आहे. तीच मुले परत आल्यावर आम्ही त्यांना ‘झाले गेले गंगेला मिळाले’ असे सांगत होतो.

सरकारी पंचनाम्याचीही हीच कथा. ‘निसर्ग’नंतर तलाठी आले, कृषी सहायक आले, झाडे मोजली गेली. नारळाच्या झाडामागे अडीचशे रुपये आणि सुपारीच्या झाडामागे पन्नास रुपये असा भरपाईचा दर ठरला. रक्कम तुटपुंजी, हे सारी दापोली बोलली. पण झाडाला निदान रकाना होता. पडलेल्या छपराखाली चार तास हात धरून बसलेल्या भावंडांसाठी त्या कागदात रकाना नव्हता, आणि खरे सांगायचे तर तो मागण्याचे आम्हांलाही सुचले नाही. आपत्ती ही केवळ निसर्गाची असते असेही नाही. आपल्या समाजावर जे हल्ले, जाळपोळी आणि गोळीबार झाले, घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ रोजी झाला तसा गोळीबार, त्यांतून वाचलेल्या मुलांच्या झोपेची चौकशी कोणी केली? आपण स्मारके उभारली, खटले लढवले, आणि ते आवश्यकच होते. झोपेचा प्रश्न मात्र घरातल्या बाईमाणसांवर सोडून दिला.

निवासी शाळेने काय करावे याचे एक जुने उदाहरण महाराष्ट्रात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून लोक नुकते झोपलेले असताना, किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादची गावेच्या गावे दगडमातीखाली गेली आणि सुमारे दहा हजार माणसे मेली. त्यानंतर भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी तेथील बाराशेच्या सुमारास मुले शिक्षणासाठी पुण्यास आणली आणि वाघोलीत त्यांच्या निवासाची व्यवस्था उभी केली. एका रात्रीत आई-बाप गमावलेली मुले एका छपराखाली आणणे म्हणजे फक्त पुस्तके आणि जेवण पुरवणे नव्हे, हे ज्यांनी ते काम केले त्यांना पहिल्याच रात्री उमगले असेल. आमच्यासारख्या लहान वसतिगृहांपुढे तोच प्रश्न लहान प्रमाणात रोज असतो. आम्ही त्यास शिस्तीचा प्रश्न समजलो, इतकाच फरक.

आता एक नाजूक मुद्दा, जो लिहावा की न लिहावा यावर आमच्यात चार दिवस चर्चा झाली. आमच्या येथे सकाळी आणि सायंकाळी आनापानाचा अभ्यास होतो. त्याने असंख्य मुलांचे चित्त स्थिर झाले, याची आम्हांस खात्री आहे. पण ज्याच्या मिटल्या डोळ्यांआड वादळ उभे आहे, त्याला ‘डोळे मीट आणि शांत बस’ ही आज्ञा शिक्षेसारखी होऊ शकते. आघात झालेल्या काही जणांत डोळे मिटून, निश्चल बसण्याने त्या आठवणी उसळून येतात, हे आता मानसोपचारातील मंडळी सांगतात. ती मुलगी डोळे उघडे ठेवत असे ती अनादराने नव्हे. दार कोठे आहे हे तिला दिसत राहावयास हवे होते. आज आमच्याकडे अशा मुलांना दाराजवळ, डोळे उघडे ठेवून, जमिनीवर पाय टेकवून बसण्याची मुभा आहे. कोणाला बसणेच नको असेल तर तो त्या वेळात अंगण झाडतो. यात धम्माचे काही उणे होते असे ज्यांना वाटते, त्यांना आम्ही पटाचारेची आठवण करून देऊ. श्रावस्तीची ती मुलगी. एका वादळी रात्रीच्या आगेमागे तिचा पती सर्पदंशाने गेला, नदी ओलांडताना दोन्ही लेकरे गेली आणि त्याच वादळात माहेरचे घर कोसळून आई, बाप, भाऊ गेले. वस्त्राचे भान सुटून ती रस्त्यांवर फिरू लागली, तेव्हा लोकांनी तिच्यावर ढेकळे फेकली. जेतवनात ती आली तेव्हा भिक्षूंच्या सभेतील लोक तिला अडवू लागले आणि तथागतांनी तिला येऊ द्या असे सांगितले. तिला ‘भगिनी’ म्हटले. कोणीतरी आपले उपरणे तिच्या अंगावर टाकले. तिचे सारे बोलणे ऐकून घेतले गेले. उपदेश झाला तो यानंतर. हा क्रम आम्ही दरवर्षी प्रवचनात सांगतो. शिस्तीच्या वहीत मात्र तो उलटा लागला होता.

उपचारांविषयी आमच्या पालकवर्गात पुष्कळ भीती आहे. ‘पोराला वारं लागलंय’ असे म्हणून भगताकडे नेणारे अजूनही आहेत, आणि आम्ही बौद्ध म्हणून यातून सुटलो आहोत असा गर्व कोणी करू नये. दुसरीकडे रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६ पासून उभे आहे, आणि आपण त्याचे एवढेच केले की ‘याला रत्नागिरीला न्यायला हवे’ हा चेष्टेचा वाक्प्रचार बनवला. वस्तुतः या विकारावर परिणामकारक उपचार आहेत. प्रशिक्षित समुपदेशक मुलाच्या गतीने, थोडे थोडे करून, त्या आठवणीला तिच्या जागी, म्हणजे भूतकाळात, बसवण्यास मदत करतो. मुलांच्या बाबतीत अशा संवादोपचारांनाच अग्रक्रम असतो. औषधांचा निर्णय मनोविकारतज्ज्ञाचा. झोपेच्या गोळ्या दुकानातून आणून देणे हे तर निखालस चूक. ‘टेलिमानस’ ही केंद्र सरकारची मोफत दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येते. केळशीहून रत्नागिरीस जाऊन येण्यात दिवस मोडतो आणि त्या दिवसाची मजुरी बुडते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या क्रमांकाचे मोल निराळे सांगावयास नको. आम्ही तो वसतिगृहातील दूरध्वनीशेजारी रंगवून घेतला आहे.

वहीतही बदल केला आहे. ‘गुन्हा’ आणि ‘शिक्षा’ हे दोन रकाने होते. त्यांच्या मध्ये आता एक तिसरा आहे, ‘त्या वेळी काय चालले होते’. म्हणजे वारा होता का, वीज गेली होती का, कोणता आवाज झाला, घरून कोणता निरोप आला होता. रात्रपाळीच्या शिक्षकांना प्रारंभी हा रकाना त्रासाचा वाटला. पहिल्या महिन्यात निम्म्या ठिकाणी ‘काही नाही’ असेच लिहिलेले सापडते. पुढे पुढे नोंदी लांबत गेल्या. ओल्या अंथरुणाच्या अकरा नोंदींपैकी नऊ रात्री वादळी पावसाच्या निघाल्या. त्या मुलाला आता अंथरूण धुण्यास लावत नाहीत. एक जादा सतरंजी त्याच्या उशाशी असते आणि पहाटे ती कोणी बदलली याची चर्चा होत नाही. जोराचा वारा येणार असा इशारा आला की सायंकाळीच सर्वांना सांगतो, कंदील कोठे आहेत ते दाखवतो, कोणता शिक्षक कोणत्या दालनात झोपणार हे फळ्यावर लिहितो. फाटकाचे कुलूप काढले आहे. दप्तर घेऊन बसणाऱ्या मुलाला आम्ही दप्तर भरू देतो. ते त्याच्या उशाशी असले की तो झोपतो.

निबंधाचा कोरा कागद देणारा विद्यार्थी दहावी उत्तीर्ण होऊन गेला. त्याच्याशी आम्ही नंतर बोललो. ऐकून घेऊन तो म्हणाला, ‘सर, तेव्हा विचारलं असतंत तर सांगितलं असतं.’ आदर्श विद्यार्थिनीचे पारितोषिक मिळालेल्या मुलीने पुढच्याच वर्षी दाखला काढून नेला. तिच्या घरच्या पत्त्यावर आम्ही दोन पत्रे पाठवली आहेत. उत्तर अद्याप आलेले नाही. या स्मरणिकेची एक प्रतही त्याच पत्त्यावर जाईल.